कोण बंद करतंय?

मे महिन्यात दुकानासमोर गाडी थांबते, काच खाली येते आणि आतून बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं, "भिया, गॅस डाल दो." दवाखान्यातले डॉक्टर असोत, मंडीतले आडते असोत, की महाकालच्या दर्शनाला निघालेलं कुटुंब असो, निदान घरूनच करून आणलेलं असतं. मी विचारतो, "थंड होतच नाही, की होतं आणि जातं?" बरेच जण म्हणतात, "होतं, मग जातं, मग परत येतं." आणि लगेच, "म्हणजे गॅस कमी झाला असेल ना?"

असेलही. गॅस जास्त झाला असला तरी अगदी असंच होतं.

माझं दुकान बदनावरला, आणि बदनावर हे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं गाव. लेबड–नयागाव चौपदरी रस्ता इथून रतलाम, जावरा, मंदसौर करत नीमचकडे जातो. त्याला आडवा, उज्जैन-बडनगरकडून येणारा रस्ता पेटलावद, थांदल्यावरून गुजरातच्या दिशेला उतरतो. त्यामुळे ओळखीच्या गाड्यांइतक्याच अनोळखी गाड्या माझ्याकडे येतात, आणि अनोळखी गाडीला नेहमी घाई असते. आमचं घर धारचं. पवारांच्या काळात माळव्यात आलेली आणि मग इथलीच झालेली जी मराठी घरं, त्यांतलं एक. बदनावर हा धार संस्थानचाच परगणा होता. घरात मराठी, दुकानात हिंदी आणि माळवी, असं आमचं चालतं.

तर, होतं आणि जातं. बॉनेट उघडून एसी चालू केला, की पट्ट्यापाशी 'टक्' असा आवाज येतो. कॉम्प्रेसरची पुली इंजिनाबरोबर कायम फिरतच असते. तिच्यामागे विजेवर चालणारं चुंबक असतं. त्याला करंट मिळाला की पुढची चकती पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरायला लागतो. करंट गेला की चकती सुटते, पुन्हा 'टक्'. आम्ही म्हणतो क्लच लागला, क्लच सुटला, किंवा कॉम्प्रेसरनं कट मारला. पण कॉम्प्रेसर स्वतःहून कट मारत नाही. तेवढी अक्कल त्याला दिलेलीच नाही. त्याचा करंट दुसरं कोणीतरी तोडतं, आणि ज्यानं तोडला त्याच्याकडे बहुतेक वेळा तसं करायला सबळ कारण असतं. या कामात मला एवढंच शोधायचं असतं: तोडणारा कोण आणि कशासाठी.

पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या गाड्यांत कारखान्यातच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. त्या एसीला क्लचच नव्हता. नको असेल तर गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. करंट तोडणारे हे पहारेकरी नंतर एकेक करून आले. प्रत्येक जण कुठल्यातरी मोडलेल्या कॉम्प्रेसरनं किंवा फुटलेल्या पाइपनं शिकवलेला धडा आहे, असं मला वाटतं.

मुख्य पहारेकरी म्हणजे प्रेशर स्विच. आपल्याकडच्या बऱ्याचशा लहान गाड्यांत तो हाय लाइनवर, म्हणजे जास्त दाबाच्या नळीवर, कंडेन्सर आणि ड्रायरच्या आसपास बसवलेला असतो, अंगठ्याएवढा. दाब साधारण २ किलोच्या खाली गेला तर तो करंट तोडतो, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं आणि गॅस नसला तर तो कोरडा घासून जाम होईल. दाब ३२ किलोच्या आसपास पोचला तरी तोडतो, कारण त्यापुढे काहीतरी फुटेल. मध्ये कुठेतरी, १५ किलोच्या सुमाराला, तो फॅनला फिरायचा हुकूम देतो. दुसरा पहारेकरी डॅशबोर्डच्या पोटात, कूलिंग कॉइलमध्ये खोचलेला सेन्सर. कॉइल शून्याच्या जवळ गेली की तो थांबायला सांगतो, नाहीतर हवेतलं पाणी कॉइलवर गोठून बर्फाची लादी होईल. तिसरा इंजिनाचा कॉम्प्युटर. आणि यांपैकी कोणाचाच हुकूम नसताना नुसती ढिली वायर, जळकी रिले किंवा थकलेला क्लच हेही तेच करून दाखवतात.

आता गॅस कमी असला तर काय होतं, हे नीट पाहण्यासारखं आहे. ज्या गाड्यांत एक्सपान्शन वॉल असतो, आणि आपल्याकडच्या बहुतेकांत तोच असतो, त्यांत गॅस थोडा कमी झाला तर कॉम्प्रेसर सहसा कट मारत नाही. उलट सुटतच नाही. कॉइल पुरेशी थंड होत नाही, त्यामुळे सेन्सर 'बस' म्हणत नाही आणि तो बिचारा पळत राहतो. गॅस अगदीच संपला तर क्लच लागतच नाही. पटापट लागणं-सुटणं गॅस कमी असल्याचं लक्षण ठरतं ते मुख्यतः दुसऱ्या पद्धतीच्या गाड्यांत, जिथे वॉलऐवजी नुसती बारीक नळी असते, लो लाइनवर बाटली असते आणि स्विचही लो लाइनवरच असतो. तिथे कॉम्प्रेसर लागतो, होता नव्हता तेवढा गॅस ओढून घेतो, दाब पडतो, स्विच तोडतो, दाब परत चढतो, पुन्हा लागतो. पाच-सात सेकंदांचा खेळ. म्हणजे 'कट मारतोय, गॅस टाका' ही समजूत एका जातीच्या गाडीसाठी ठीक आणि दुसऱ्या जातीसाठी बहुतेक वेळा उलटी. पण गॅसचा डबा विकणाऱ्याला जात विचारायची गरज पडत नाही.

म्हणून मी आधी गेज लावत नाही. आधी कान लावतो. किती वेळ लागला, किती वेळ सुटला, मनातल्या मनात मोजतो. लागल्यावर लगेच सुटत असेल तर दाबाकडे बघायचं. दीड-दोन मिनिटं चालून सुटत असेल आणि आत गारेगार असेल, तर काहीही बिघडलेलं नाही. अर्धा-पाऊण तास उत्तम चालून मग जात असेल तर कॉइल किंवा क्लच. आणि गाडी उभी असताना होतं की पळताना, दिवसा की रात्री, हे दोन प्रश्न तर गेजपेक्षा जास्त सांगतात. माळव्यातली रात्र थंड, त्यासाठी 'शब-ए-माळवा'चं कौतुक झालेलं आहे. मेमध्ये दुपारी पारा चाळिशीच्या वर आणि रात्री वारा सुटलेला. दुपारी कट मारणारी गाडी रात्री शहाण्यासारखी चालत असेल, तर गॅस गेलेला नाही. गॅस काही संध्याकाळी परत येत नाही.

एक गाडी तपशिलानं सांगतो.

मेमधलीच दुपार. जीजे ०६ नंबरची हॅचबॅक, बडोद्याहून आलेली, उज्जैनला निघालेली. नवरा-बायको, एक शाळकरी मुलगा आणि मागच्या सीटवर ओला नॅपकिन डोक्यावर घेतलेल्या आजी. नवरा हिंदीत बोलायला लागला तेवढ्यात मागून आजी म्हणाल्या, "त्याला विचार आधी किती घेणार, मग हात लावू दे." मी म्हटलं, "आजी, बघायचे काही घेत नाही. खाली उतरा, सावलीत बसा." आजींनी नॅपकिन काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुढची दहा मिनिटं गायकवाडांच्या बडोद्यातली मराठी आणि पवारांच्या धारमधली मराठी यांची विचारपूस चालली. आडनाव, कुलदैवत, तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा, सगळं.

त्या गृहस्थांचं म्हणणं असं: "काका, रोडवर एकदम मस्त चालतो. गावात शिरलं, फाटकाला थांबलं, की गरम हवा. परत स्पीड घेतला की पाच मिनिटांत थंड." आणि वर, "आठवडाभरापूर्वीच गॅस टॉप करून घेतलाय."

खरं म्हणजे पहिल्या वाक्यातच काम झालं होतं. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सर थंड करतो. उभी राहते तेव्हा ते काम फॅननं करायचं असतं. आमच्याच जिल्ह्यात पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा अंडाकृती ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झालेला. तिथे गाड्या वाऱ्याच्या वेगानं पळतात. त्या ट्रॅकवर ही गाडी नेली असती तर तिचा एसी उत्तम म्हणून पास झाला असता. फॅनची परीक्षा होते ती बैलगाडीमागे अडकलेल्या गाडीत.

तरी गेज लावले. निळा लो लाइनला, लाल हायला. गेजवरचा दाब आम्ही किलोऐवजी पाउंडात बोलतो. अशा उन्हात गाडी उभी असताना लो ४०-५० आणि हाय २५०-३०० पर्यंत गेला तरी मी घाबरत नाही. इथे लाल सुई २५० ला थांबलीच नाही. ३००, ३५०, ४००, तिच्यामागे सगळ्या नळ्या ताठ झालेल्या, आणि ४५० च्या आसपास 'टक्'. सुई खाली यायला लागली. थोडी उतरली की पुन्हा 'टक्', पुन्हा चढाई. फॅन शांत. मालकाला बोलावून सुई दाखवली. मग बादलीभर पाणी आणून पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर हळूहळू ओतलं. डोळ्यांदेखत लाल सुई सरसर खाली आली, २५० च्याही खाली, क्लच सुटायचा थांबला, आणि आत ब्लोअरसमोर हात धरून बसलेला मुलगा ओरडला, "आलं, आलं!" पाणी वाळलं तशी सुई परत चढायला लागली.

हा बादलीचा प्रयोग मी मुद्दाम गिऱ्हाइकासमोर करतो. त्यानंतर वाद उरत नाही. पाणी ओतून सुधारतं, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर पडत नव्हती. गॅस कमी असता तर हाय इतका चढलाच नसता.

फॅनच्या मोटरला बॅटरीवरून थेट वायर दिली. नुसती थरथरली. पेचकसाच्या मुठीनं बाहेरून दोन टिचक्या मारल्या, तशी रडतखडत फिरली. आतले कार्बन झिजलेले. अशी मोटर एखाद्या दिवशी फिरते, एखाद्या दिवशी नाही, आणि तोवर मालकाला वाटतं एसीला मूड आहे. मग गॅस मशीनवर काढून वजन केलं. बॉनेटखाली चिकटवलेल्या स्टिकरवर ग्रॅममध्ये जेवढा लिहिला होता, त्याच्या जवळजवळ दीडपट निघाला. फॅन मेला म्हणून थंडावा कमी, थंडावा कमी म्हणून गॅस जास्त, गॅस जास्त म्हणून दाब आणखी वर. एका आजारावर दुसऱ्याचं ओझं.

"पण काका, भरल्यावर बरं वाटलं होतं हो," ते म्हणाले. कधी भरला होता? संध्याकाळी. आणि नंतर? हायवेनं घरी गेले होते. मी काही बोललो नाही, त्यांचं त्यांनाच हसू आलं. मोटर गावातच मिळाली हे नशीब, नाहीतर रतलामहून बसनं पार्सल येईपर्यंत त्यांना इथेच थांबावं लागलं असतं. स्टिकरप्रमाणे तोलून गॅस भरला. निघताना आजींनी पैसे स्वतः मोजून दिले आणि पन्नास रुपये कमी केले.

फॅन ठीक आणि तरी हाय चढतोय, अशा गाड्या आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये येतात. गव्हाची काढणी सुरू असते, शेतात हार्वेस्टर फिरत असतात, हवेत भुसा. त्यात काळ्या मातीची धूळ. जवळच्या भैंसोल्याला पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कची पायाभरणी १७ सप्टेंबर २०२५ ला झाली. तिकडे जाणाऱ्या डंपरांच्या मागोमाग चाललेल्या गाड्यांना ही धूळ आणखी मिळते. मालक जाळीतून डोकावतो आणि म्हणतो कंडेन्सर स्वच्छ आहे. समोरून असतोच. कचरा बसतो तो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत. तिथे भुसा आणि माती पावसाच्या एका सरीनंतर नमद्यासारखी घट्ट होते. दोघं वेगळे करून इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला साध्या पाइपनं पाणी मारायचं. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपानं मारलं तर पातळ पत्रे मिटून जातात आणि मग ती जाळी कायमची आंधळी होते. धुतल्यावर पायाशी जो चिखल जमतो त्यात गव्हाची तुसं अखंड दिसतात. गिऱ्हाईक पैसे द्यायला कुरकुरतं ते इथेच. गॅसचे हजार देईल, पाणी मारायचे तीनशे जास्त वाटतात.

कॉइल गोठणाऱ्या गाड्यांची तक्रार वेगळी असते आणि ती ऐकायला शिकलं पाहिजे. एक डॉक्टर रोज धारला जाऊन-येऊन करायचे. म्हणायचे, वाटेतल्या कानवनपर्यंत स्वर्ग, पुढे हवाच कमी होते, आणि मग गरम. धारला पोचून गाडी लावली की खाली धो धो पाणी, संध्याकाळी परत सगळं ठीक. 'हवाच कमी होते' हे शब्द महत्त्वाचे. ब्लोअर तेवढ्याच जोरानं ओरडतोय पण हवा येत नाही, म्हणजे वाट बुजली. कशानं? बर्फानं. गाडी उभी राहिली की तोच वितळून पाणी होतो.

डॅशबोर्डखाली हात घालून सेन्सर शोधला. तो कॉइलच्या पत्र्यांत खोचलेला हवा. कोणीतरी कॉइल साफ करताना तो काढला होता आणि परत खोचण्याऐवजी बाजूला लोंबकळत ठेवला होता. त्याला कॉइल किती थंड झाली हे कळायचा प्रश्नच नव्हता. तरी सेन्सर चांगला आहे का ते पाहिलं. शेजारच्या रसवंतीवरून स्टीलच्या पेल्यात बर्फ आणला, थोडं पाणी घातलं, सेन्सरचं टोक बुडवलं आणि मीटर लावला. हा थंडीत रेझिस्टन्स वाढवणारा प्रकार. उन्हातल्या हवेत हजार ओहमच्या आसपास होता, बर्फात चढत चढत साडेचार हजाराच्या पुढे गेला. म्हणजे निर्दोष. परत जागेवर खोचला, डॅशबोर्डच्या मागचा केबिन फिल्टर काढून दाखवला. त्यात शेवरीच्या म्हाताऱ्या, केस आणि वाळलेली पानं. तोही बदलला. गॅसला हात लावला नाही. डॉक्टरांना हे पटायला जरा वेळ लागला, कारण त्यांनी गॅसच्या बजेटनं पाकीट भरून आणलं होतं.

याच्या जवळचा दुसरा आजार ओलाव्याचा. सिस्टिममध्ये पाणी शिरलं, ड्रायर बाटलीची शोषायची ताकद संपली, की एक्सपान्शन वॉलच्या सुईच्या टोकाएवढ्या भोकात बर्फाचा कण अडकतो. यात कॉम्प्रेसर चालूच असतो, क्लच सुटत नाही, पण लो गेजची सुई शून्याच्या खाली व्हॅक्यूमकडे जाते आणि थंडावा थांबतो. थोड्या वेळानं कण वितळतो, सगळं सुरू. नुसतं आत बसून दोन्ही आजार सारखेच वाटतात. उपाय म्हणजे ड्रायर बदलायचा आणि निवांत व्हॅक्यूम मारायचा. निवांत म्हणजे अर्धा तास तरी, दहा मिनिटं नाही. व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या तापमानाला उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं, त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. एक गंमत सांगतो. मुंबईत काम शिकून आलेला एक पोरगा माझ्याकडे काही महिने होता. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "सेठ, पंप खराब आहे, सुई अठ्ठावीस इंचांच्या पुढे जात नाही." समुद्रकाठी ती तीसच्या जवळ जाते. आपण पाचशे मीटरवर, इथे हवाच तेवढी नाही.

आता गॅसच्या धंद्याबद्दल. मला या धंद्यात सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर वजनकाटा न वापरता भरलेल्या गॅसचा. लहान गाडीत सगळा मिळून चारशे-साडेचारशे ग्रॅम मावतो, काहींत त्याहून कमी. शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले तर चौथा हिस्सा चुकला. आणि तरी पाइपला हात लावून 'हां, गार झाला' म्हणत भरणारे रस्तोरस्ती आहेत. दुसरं म्हणजे डब्यातला माल. आर-१३४ए लिहिलेल्या स्वस्त डब्यांत स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीची, जळणारी मिश्रणं निघतात. ती थंडावा चांगला देतात, दाब वेगळाच दाखवतात आणि ठिणगीला तयार असतात. ओळखायची एक साधी युक्ती आहे. सकाळी, गाडी रात्रभर सावलीत उभी असताना, इंजिन बंद ठेवून गेज लावायचे. ३० अंशाला आर-१३४ए चा दाब ९७ पाउंडांच्या आसपास आला पाहिजे, ४० ला १३३ च्या. यात डब्यावरच्या नावाला विचारायची गरज नाही. दाब त्याहून बराच जास्त आला तर आत हवा आहे किंवा भलताच माल.

आणि काढलेला गॅस लोक सरळ हवेत सोडतात. मी हे काम शिकलो तेव्हा आर-१२ चे डबे होते, तोही सगळे सोडूनच द्यायचे. ओझोनसाठी मॉन्ट्रियलचा करार १९८७ चा, भारत त्यात १९९२ ला आला आणि २००८ मध्ये आपल्याकडे असल्या गॅसचं उत्पादन थांबलं. त्याच्या जागी आलेला १३४ए ओझोनला हात लावत नाही, पण एक किलो हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या १४३० किलोंएवढी उष्णता धरून ठेवतो. गॅस काढायचं मशीन घेतलं तेव्हा शेजारचे हसले होते. वाया जाणारा गॅस मशीनमध्ये परत येतो आणि गाळून पुन्हा वापरता येतो हे पाहिल्यावर त्यांचं हसणं कमी झालं. पृथ्वीचं सांगून झालं नसतं.

गॅस, फॅन, सेन्सर सगळं ठीक असून तापल्यावर क्लच सुटतो, असंही असतं. जुन्या व्हॅनमध्ये हे हमखास. चुंबकाची कॉइल गरम झाली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी होतो, ओढ कमी पडते. आणि चकती झिजून पुलीपासूनची फट रुंदावलेली असते. ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी, ती एक मिलिमीटरला गेली की गरम चुंबकाला चकती ओढवत नाही. सुटलेला असताना क्लचपर्यंत बारा व्होल्ट येतायत का बघायचं. येत असतील आणि तरी तो सुटलेला असेल, तर लांब काठीनं चकतीला पुढून हलकेच ढकलायचं. चटकन चिकटली तर फट. चकती खोलून आतला पातळ वॉशर काढला की काम होतं. हे काठीचं काम घरी करू नये, फिरत्या पट्ट्याजवळ बाह्या आणि गळ्यातला गमछा यांचा भरवसा नसतो.

आणि काही गाड्या अशाही येतात ज्यांना काहीच झालेलं नसतं. डिसेंबरात काचेवरचं धुकं घालवायला एसी लावतात आणि म्हणतात सारखा बंद होतोय. बाहेर दहा अंश असताना कॉइल लगेच गार होते, सेन्सर तोडणारच. झाबुआकडचे लोक माछलिया घाटाची तक्रार आणतात: चढावर गरम हवा. लहान पेट्रोल गाडीत पाय पूर्ण दाबला की कॉम्प्युटर काही सेकंद कॉम्प्रेसर सोडतो, सगळी ताकद चाकांना देतो. मी त्यांना एवढंच सांगतो की वर पोचल्यावर येतो ना, मग तो हिशोबानं वागतोय. काहींना हे ऐकून समाधान होत नाही. पैसे न घेता परत पाठवलं की यानं नीट पाहिलंच नाही असं त्यांना वाटतं, आणि ते पुढच्या दुकानात जाऊन गॅस भरून घेतात.

नव्या गाड्यांत कान लावून बसायची सोय कमी होत चालली आहे. बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये आतली तिरकी चकती कमी-जास्त कलते आणि काम कमी-जास्त होतं. लागणं-सुटणं नाही, 'टक्' नाही. स्कॅनर लावून आकडे वाचायचे. इलेक्ट्रिक गाडीत तर पट्टाही नाही. कॉम्प्रेसर स्वतःच्या मोटरवर, शेकडो व्होल्टवर चालतो आणि त्याच्याकडे जाणाऱ्या नारिंगी वायरला मी अजून हात लावत नाही. पुतण्याला ते शिकायला इंदूरला ठेवलंय. त्यानं परवा फोनवर सांगितलं, काही गाड्यांत फास्ट चार्जिंगला लावून माणसं आत एसी लावून बसतात, आणि मध्येच गारवा जातो. तिथे करंट तोडणारी बॅटरी असते. ती तापली की कॉम्प्युटर गारवा आधी तिला देतो, माणसांना नंतर. आणि त्या कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं, वीज न वाहणारं. आपल्या नेहमीच्या नळ्यांतून जुन्या तेलाचा थोडा अंश जरी गेला तरी त्याचं इन्सुलेशन बिघडतं. म्हणजे त्याच्यासाठी नळ्या, गेज आणि मशीन सगळं निराळं ठेवावं लागणार. पुढच्या भिंतीजवळ टायरची चळत आहे, ती हलवली तर मशीन मावेल असं वाटतंय. टेप घेऊन मोजायचं आहे.